शकूअक्काचा दम

धुळ्याच्या स्टँडवर गाडी लावून मी चहा प्यायला गेलो होतो. परत आलो तर मागच्या लांब सीटवर माझी नवी कंडक्टर बाई आडवी पडलेली. डोळे मिटलेले, हात दोन्ही बाजूंना सैल, तिकिटाचं मशीन खिडकीशी ठेवलेलं. झोपली असेल म्हणून मी पुढे जाणार, तेवढ्यात लक्षात आलं की हिची छाती हलत नाही. मी मनात दहा आकडे मोजले. छाती हललीच नाही. मग तिच्या पोटाला एक हिसका बसला, लगेच दुसरा, आणि मी बोंब मारली.

फळवाले धावले, पलीकडच्या शिरपूर गाडीचा ड्रायव्हर धावला. मी हातातली अख्खी बाटली तिच्या तोंडावर ओतली. बाई ताडकन उठून बसली.

"मी मरेल नही!" ती अहिराणीत कडाडली. मग माझ्याकडे बघून शुद्ध मराठीत म्हणाली, "मेले नाही. दोन मिनिटं चाळीस सेकंद झाली होती, भाऊ. तीन करायची होती. घालवलीत."

शकुंतला पाटीलशी माझी ही पहिली ओळख. सगळा डेपो तिला शकूअक्का म्हणायचा. तेव्हा ती चव्वेचाळीसची होती आणि मी त्रेपन्नचा. जळगाव-धुळे गाडीवर आम्ही पुढची साडेचार वर्षं जोडीनं काढली.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर पारोळ्याला गाडी रिकामी झाली तेव्हा ती केबिनशी येऊन उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. गाडीतल्या एका कॉलेजच्या पोरीनं तिला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला होता. समुद्रात सोडलेला एक दोर, आणि त्या दोराच्या कडेनं एक बाई खाली खाली चाललेली. तोंडात नळी नाही, पाठीवर टाकी नाही. वर घेतलेल्या एका श्वासावर खाली जायचं आणि त्याच श्वासावर वर यायचं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच," ती म्हणाली. "मला ते करायचंय."

जळगावहून समुद्र किती लांब आहे याचा मी मनात हिशेब केला. तो माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा. ती म्हणाली, "निम्म्याहून जास्त सराव कोरड्यावरच असतो. पाणी शेवटी लागतं."

मी असोद्याचा. केळीच्या बागांत वाढलो, विहिरींच्या काठाकाठानं हिंडलो, पण पोहणं कधी आलं नाही. शकूअक्काचं उलटं. दोंडाईच्याजवळच्या तिच्या गावात वडिलांची विहीर होती आणि पाचव्या वर्षी पाठीला रिकामा डबा बांधून बापानं तिला तीत सोडलं होतं. नऊ-दहा वर्षांची झाल्यावर गावात कुणाची बादली, घागर विहिरीत पडली की बोलावणं हिला यायचं. तळाला जाऊन काढून आणायची. एकदा तर गावच्या आबांचं मनगटी घड्याळ काढून आणलं होतं. तेरावं लागलं आणि आजीनं सांगितलं, आता पुरे, मोठी झालीस. त्या दिवसापासून विहीर बंद. का, असं तिनं विचारलं. आजीनं तेच पुन्हा सांगितलं.

पुढे लग्न करून ती धरणगावला आली. नवरा नामदेव, शिंपी, अतिशय सज्जन आणि अतिशय कमी बोलणारा. घरात दोन मशिनं आणि चार खाणारी तोंडं. मग शकूअक्का कापसाच्या जिनिंग गिरणीत जाऊ लागली. सात हंगाम तिनं कापूस ओढला. तिथली हवा म्हणजे हवा नव्हेच, पांढरी पूड. तोंडाला फडकं बांधलं तरी रात्री खोकल्यात कापूस यायचा. सातव्या हंगामात ती पाण्याचा हंडा घेऊन दोन पायऱ्या चढली आणि तिसरीवर बसली. उठताच येईना.

तिनं गिरणी सोडली. मग कंडक्टरची भरती निघाली आणि ती एसटीत आली. पण तो पायरीवरचा दिवस ती विसरली नव्हती. मला एकदा म्हणाली, "भाऊ, माझा श्वास मी कुणाला दिला नव्हता. कापसानं नेला. परत आणायचाय."

त्या सरावात माझं काम ठरून गेलं. धुळ्याला पाऊण तास थांबा असायचा. ती सीटवर पडायची, मी शेजारी घड्याळ घेऊन बसायचो. दर अर्ध्या मिनिटाला मी तिच्या खांद्याला बोट लावायचं, तिनं तर्जनी उचलायची. बोट उचललं नाही तर गालावर चापट मारून नावानं हाक मारायची. हे तिनं मला पाठ करून घेतलं, दोनदा परीक्षा घेतली. एका परीक्षेत मी चापट हळू मारली म्हणून नापास झालो.

तळहातावर बॉलपेननं आकडे लिहिलेले असायचे. दीड मिनिट रोखायचं, दोन मिनिटं विसावा. पुन्हा दीड मिनिट, विसावा पावणेदोन. असे आठ फेरे, आणि दर फेऱ्याला विसावा आखडत जायचा. शेवटच्या दोन फेऱ्यांत तिच्या पोटाला ते हिसके यायला लागत. मला बघवायचं नाही. ती मात्र नंतर उठून शांतपणे सांगायची, "पहिला हिसका येतो तेव्हा हवा संपलेली नसते. शरीर नुसतं दार वाजवतं. वाजवू द्यायचं. दार आपलं आहे."

चालायचा सरावही होता. सकाळी गाडी लागायच्या आधी ती श्वास धरून डेपोच्या फाटकापासून वर्कशॉपच्या भिंतीकडे चालायची. हळू, एकसारखी पावलं, नजर समोर. मी दोन हात अंतरावर मागे. सुरुवातीला ती डिझेलच्या पंपापर्यंतच पोचायची. मेकॅनिक लोक पान्हे खाली ठेवून बघायचे. "अक्का, वरात निघाली का?" कुणीतरी ओरडायचं. ती बोलायची नाही, कारण बोललं की श्वास सुटतो. पण परत येताना, श्वास चालू असताना, त्याच माणसापाशी थांबून म्हणायची, "आता बोल. आता मला वेळ आहे."

सगळ्यांत जास्त ती भडकलेली मी पाहिली ती एका मेकॅनिकवर. त्यानं हे बघून बघून शिकलं आणि पोहण्याच्या तलावात एकटाच प्रयोग केला. भराभरा वीस-पंचवीस श्वास घेऊन बुडी मारली आणि पाण्यातच शुद्ध हरपली. जीवरक्षकानं बाहेर काढला म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी तो हसत हसत हे सांगत होता. शकूअक्का त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"लग्न झालंय ना तुझं?"

"हो."

"घरी जाऊन बायकोला सांग काय केलंस ते. हसत सांग. आत्ता हसतोयस तसं."

त्याचं हसू गेलं. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाण्यात जोडीदाराशिवाय पायसुद्धा बुडवायचा नाही. भराभरा श्वास तर घ्यायचाच नाही, दार वाजायच्या आधीच शुद्ध जाते. ही जिगर नाही, ही बेपर्वाई आहे. माझ्या नावावर खपवू नका." त्यानंतर महिनाभर ती त्या मेकॅनिकशी बोलली नाही.

दुसऱ्या वर्षी एक पत्र आलं. निनावी, टाइप केलेलं. जळगाव-धुळे गाडीवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर बाई धुळे स्थानकात रिकाम्या गाडीत पडदे लावून गैरवर्तन करतात, अशा मजकुराचं. आम्हा दोघांना डेपो मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब नवे होते, तरुण होते, आणि पत्र वाचताना त्यांचेच कान लाल झाले होते. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावावर एक ओरखडा नव्हता.

शकूअक्कानं पत्र मागून घेतलं आणि उभ्यानं वाचलं.

"साहेब, एसटीला पडदे असतात का?"

साहेबांनी खिडकीतून फलाटावरच्या गाड्यांकडे बघितलं.

"नसतात. म्हणजे पहिलंच वाक्य खोटं. आता पुढचं कशाला वाचायचं?"

"अक्का, माझा तुमच्यावर विश्वास आहे," साहेब म्हणाले. "पण लोक बोलतात. तुम्ही हे बंद करा, नाहीतर मी जोडी बदलतो. तुमच्याच भल्यासाठी."

"बदला. पण ऑर्डरमध्ये कारण लिहा. कंडक्टर बाई श्वास रोखते म्हणून जोडी बदलली. मी सही करते." मग तिचा आवाज चढला. "पुरुष कंडक्टर मागच्या सीटवर पाऊण तास घोरतात, त्यांचं पत्र येत नाही. मी घोरत नाही, म्हणून आलं का?"

बाहेर टेबलांवरची माणसं ऐकत होती. तिनं केबिनचं दार सताड उघडलं. "बठ्ठा देखा!" म्हणाली, सगळ्यांनी बघा. खुर्ची ओढून बसली, पाठ टेकवली, दोन मिनिटं संथ श्वास घेतले, शेवटचा पोट भरून घेतला आणि डोळे मिटले. मला काही सांगावं लागलं नाही. मी शेजारी उभा राहिलो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत दर अर्ध्या मिनिटाला तिच्या खांद्याला बोट लावत राहिलो. तिची तर्जनी दर वेळी वर येत होती.

एक मिनिटानं बाहेरचे दोघं-तिघं हसले. दोन मिनिटांनी कुणी हसत नव्हतं. साहेबांनीही नकळत श्वास धरला होता, तो त्यांनी मध्येच फुस्सकन सोडला. पोटाचे हिसके सुरू झाले तशी एक क्लार्क बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, थांबवा तिला." मी नाही अशी मान हलवली. तीन मिनिटं बावीस सेकंदांनी शकूअक्कानं श्वास सोडला, तीन वेळा आत घेतला आणि डोळे उघडले.

"मना दम शे," ती साहेबांना म्हणाली. "मी धरसू. मीच सोडसू." दम माझा आहे, धरणार मी, सोडणारही मीच, असं.

साहेबांनी पत्र फायलीला लावलं आणि त्यावर "तथ्य आढळले नाही" असं लिहिलं. जोडी बदलली नाही. दुसऱ्या दिवशी धुळ्याला शकूअक्का मागच्या सीटवर गेलीच नाही. पुढचं दार उघडं टाकून, सगळ्या काचा सरकवून ती पहिल्या सीटवर आडवी झाली आणि काचेवर तिनं कागद चिकटवला: "सराव चालू आहे. बघायचे असेल तर आत या." लोक आलेही. काही दिवस आले, मग कंटाळले.

मी घरी बायकोला सगळं सांगितलं होतं. त्या रविवारी ती म्हणाली, "मी येते उद्या धुळ्याला." आली, आणि पूर्ण आठ फेरे माझ्या शेजारी बसून बघितले. शेवटच्या फेऱ्याला तिनं शकूअक्काचा हात धरला होता. घरी परतताना मला एवढंच म्हणाली, "घड्याळ नीट बघत जा. तुमचं लक्ष चहाकडे असतं."

मालवणजवळ अशा बुड्या शिकवणारं एक शिबिर भरतं असं अक्कानं शोधून काढलं. फोनवर त्यांनी वय विचारलं, व्यवसाय विचारला, मग डॉक्टरचा दाखला मागितला. जळगावच्या डॉक्टरांनी एक्सरे बघितला, मशीनमध्ये फुंकायला लावलं. कापसाचे डाग अजून थोडे होते. "या वयात असले उद्योग कशाला?" ते म्हणाले.

"तुम्ही फुप्फुसांचे डॉक्टर की वयाचे?"

डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी पुन्हा फुंकायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मशीनमधून निघालेला कागद बराच वेळ बघत राहिले. शेवटी लिहून दिलं, प्रशिक्षक सोबत असेल तरच आणि तो सांगेल तेवढंच खोल. नामदेवदाजींनी सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये शिशाचे छर्रे भरून, टोकं शिवून, पाण्यात खाली जायला गळ्यात घालायचं वजन तयार केलं. आयुष्यात ब्लाउजांशिवाय काही शिवलं नव्हतं त्यांनी. टाके मात्र असे की एक छर्रा हलेना.

अक्का आणि दाजी गेले आणि सातव्या दिवशी परत आले. ती ड्युटीवर आली तेव्हा सगळा डेपो वाट बघत होता.

"किती खोल?" कुणीतरी विचारलं.

"चार मीटर."

हशा पिकला. "अक्का, एवढं तर आमच्या विहिरीत पाणी असतं!"

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी त्याच्या तळाला जायची." आणि मशीन गळ्यात अडकवून गाडीकडे निघाली.

खरं काय झालं ते तिनं एरंडोल सोडल्यावर सांगितलं. दमाचा प्रश्नच नव्हता. तिथल्या विशीतल्या पोरांपेक्षा ती जास्त वेळ श्वास धरत होती. पण चार मीटरवर कानात सुई टोचल्यासारखं दुखायचं. नाक दाबून आतून हवेचा दाब द्यायचा, की कान सुटतात. लहानपणी ते आपोआप व्हायचं. आता होईना. कान दुखत असताना खाली जायचं नाही, हा नियम. तिनं नियम मोडला नाही. चार दिवस चार मीटरवरून परत आली.

"रडलीस?" मी विचारलं. साडेचार वर्षांत एकदाच मी तिला एकेरीत बोललो.

"रडले. समुद्रात कळत नाही कुणाला." मग म्हणाली, "दमाला तीन वर्षं दिली. कानाला एक देऊ."

ते वर्ष आमच्या प्रवाशांनी सोसलं. तिकीट फाडता फाडता शकूअक्का नाक चिमटीत धरायची, गाल न फुगवता आतल्या आत दाब द्यायची आणि कानात टक् झालं की समाधानानं मान हलवायची. एकदा पारोळ्याचा एक गृहस्थ भयंकर संतापला. "बाई, मी आंघोळ करून आलोय!" तिनं त्याला गाडीभर लोकांसमोर कानाचा पडदा, आतली नळी आणि पाण्याचा दाब असं सगळं समजावलं. धुळे येईस्तोवर पंधरा-वीस प्रवासी नाक दाबून बसले होते आणि ज्याचं टक् होई तो हात वर करत होता. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत बायकाच जास्त, त्यामुळे वर हातही त्यांचेच जास्त.

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा निघाली. लग्नसराई असल्यानं दाजींना हलता येईना. "तुम्ही जा," ते मला म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यांत लांब वाक्य असेल. मी आणि बायको, दोघंही गेलो. निवृत्तीला तीन महिने राहिले होते, रजा पडून होती.

सकाळी आठला होडी निघाली. बायकोला मळमळायला लागलं आणि मी दोन्ही हातांनी कडेचा लाकडी काठ धरून बसलो. पाणी हिरवं, तळ दिसत नव्हता. पिवळ्या फुग्याला बांधलेला दोर सरळ खाली गेला होता आणि बारा मीटरवर एक पांढरी पाटी लटकवली होती. तिथून तिकिटाएवढा एक प्लॅस्टिकचा तुकडा काढून आणायचा. काळा चिकट पोशाख घातलेली, गळ्यात दाजींची ट्यूब घातलेली शकूअक्का फुग्याला धरून तरंगत होती. शेजारी प्रशिक्षक. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

पहिल्या बुडीत ती सातवर फिरली. कान. दुसऱ्या बुडीतही सातवरच. प्रशिक्षक म्हणाला, आज एवढं पुरे करू का? ती म्हणाली, नियमात तिसरी बसते का? तो म्हणाला, बसते, कान दुखत नसतील तर. ती म्हणाली, दुखत नाहीत, नुसते हट्ट करतायत. हट्टाला हट्ट.

पाच मिनिटं ती पालथी तरंगत राहिली. मग शेवटचा श्वास घेतला, कमरेत वाकली, पाय वर आले आणि पाण्यानं तिला गिळलं. आवाजसुद्धा झाला नाही. प्रशिक्षकानं तोंड पाण्यात घालून बघायला सुरुवात केली आणि थोड्या वेळानं तोही खाली गेला. वर फक्त फुगा राहिला. साडेचार वर्षं मी या बाईच्या श्वासाला घड्याळ लावलं होतं, तीन मिनिटांच्या वर ती सहज जायची हे मला माहीत होतं. तरी तो एक मिनिट दहा सेकंदांचा वेळ मला निघेना. बायकोनं माझ्या दंडात नखं रुतवली होती.

ती वर आली. प्रशिक्षक तोंडासमोर होताच. तिनं तीन श्वास घेतले, बोटांची खूण केली, ठीक आहे म्हणाली, जसं शिकवलं होतं तसं, एकही पायरी न गाळता. मग मूठ उघडली. तळहातावर तो पांढरा तुकडा होता. त्या हातावर मी इतके आकडे बघितले होते, त्या दिवशी तो धुतला जाऊन कोरा झाला होता. बायको रडली. मी रडलो नाही असं बायकोला सांगितलं.

दुपारी आम्हाला परतीची गाडी होती. अक्का आणखी दोन दिवस राहणार होती. जानेवारीत तिनं स्वतः मागून धुळे डेपोला बदली घेतली, मार्चमध्ये मी निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला आलो. फोन होतात. पण शेवटची भेट ती त्या दिवशीचीच.

आम्ही निघालो तेव्हा धक्क्यावर ती ओल्या पोशाखातच बसली होती. मांडीवर फडकं पसरून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खात होती. केसांतून पाणी गळत होतं आणि नाकाच्या शेंड्याला मीठ लागलं होतं. मासळीच्या टोपल्या उतरवणाऱ्या दोघी बायका तिच्याकडे बघत थबकल्या.

"खंयसून इलास?" एकीनं विचारलं.

"दोंडाईचा," अक्का म्हणाली. त्यांना कळलं नाही, म्हणून पुढे म्हणाली, "खानदेश. धुळ्याकडं."

"थंय दर्या आसा?"

शकूअक्कानं घास गिळला.

"दर्या नही," ती म्हणाली, "पन मी शे ना."

त्या दोघी हसल्या. तिनं अर्धी भाकरी मोडून त्यांच्या हातावर ठेवली, वर ठेचा घातला, फडकं झटकलं आणि होडी पुन्हा निघत होती तिकडे अनवाणी चालू लागली.